आठच ओळी

अमळनेरात मे. ढेकू रोडवरचं घर,
कुलरमध्ये दुपारपासून दोनदा पाणी ओतलंय,
आणि दक्षताचा नवा लॅपटॉप,
शहाद्याहून तिच्या आईने हप्त्यावर घेऊन दिलेला,
झाकणावरचं प्लास्टिकही अजून न काढलेला,
बोरसे हार्डवेअरचं वायफाय ओळखतो,
समोरच्या क्लासचं ओळखतो,
आमचंही नाव दाखवतो, सगळ्यात वर, कांड्या भरून,
आणि पासवर्ड दिला की म्हणतो
या नेटवर्कशी जोडता येत नाही.

"आत्या, तुमचं घर मला घेतच नाहीये."
ती हसली.
मी चष्मा पुसायला घेतला.

पतसंस्थेत अकरा वर्षं हेच करते मी,
प्रिंटर रुसला की पहिली हाक मला.
राउटर बंद केला, शंभर मोजले.
कोनाड्यातून टेबलावर आणला,
नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखा लागला हाताला.
पासवर्ड मोठ्याने वाचला, एकेक अक्षर,
तिने टाकला, मग मी,
मग डोळ्याचं चिन्ह दाबून दोघींनी मिळून.
विमान बंद आहे ना, पाहिलं.
नेटवर्क विसरायला लावलं त्याला,
पुन्हा आठवायला लावलं.
माझा फोन चालतोय, टीव्ही चालतोय,
तिच्यापुरतीच वेस बंद.

"काय व्हयनं व?" आईने आतून विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
तिखटमीठ लावलेल्या कैरीची बशी आणून ठेवली
थेट कीबोर्डवर.

शेवटी राउटर उलटा केला. पोटावरचा कागद:
एक-नऊ-दोन, एक-सहा-आठ,
पुढचं घामाच्या बोटांनी पुसलेलं.
अंदाजाने टाकलं. उघडलं.
आत भटूदादाने बसवलेला पहारा.
विसरूनच गेले होते मी.
त्या वर्षी गल्लीतली पोरं आमच्या ओट्यावर
रात्री बारा-बारापर्यंत मॅच बघायची, आमच्याच नेटवर,
तेव्हा चिडून त्याने यादी केली होती.
यादीत असेल तोच आत.
ओळी आठ. नववी मावत नाही.

दादाचा फोन. माझा.
आईचा, ज्यावर ती मावशीला फक्त कपाळ दाखवते.
टीव्ही. भाडेकरू पवार सरांचे दोन.
खालच्या दुकानातला कॅमेरा.
आणि तळाशी, इंग्रजी अक्षरांत,
ज्योत्स्ना मोबाइल.

वहिनी गेली त्याला चैत्रात पाच वर्षं झाली.
तो फोन तर कधीच भंगारात गेला असेल.

दक्षताने वाचलं. काही बोलली नाही,
कैरीची साल नखाने सोलत राहिली.
माझं बोट त्या ओळीवर,
खोडायच्या खुणेवर.

दारात दादा. हातात रिकामी बादली,
केव्हापासून उभा होता कोण जाणे.
"ती ऱ्हाऊ दे. टीव्ही काढ."
"आणि तुझ्या बातम्या?"
"पेपर येस ना."
बादली घेऊन तो पुन्हा नळाकडे गेला.

टीव्ही काढला.
त्या जागी लॅपटॉपचा पत्ता, आकडे-अक्षरं मिळून बारा,
ती सांगत गेली, मी भरत गेले,
एका ठिकाणी अडलो, बी की आठ,
दोघी स्क्रीनला नाक लावून.
मग खाली रकाना: नाव.
"नाव नको गं आत्या. नुसतं लॅपटॉप लिही,
पंधरा जूनला जायचंच आहे."
मी दक्षता लिहिलं.
स्पेलिंग चुकलं ते तिने सुधारलं.

जोडला गेला. आणि जोडल्या जोडल्या
अपडेट मागितला त्याने, साडेतीन तास म्हणे,
बंद करू नका म्हणे.
ती त्याच्याजवळच आडवी झाली, सतरंजीवर,
निळी रेघ इंचाइंचाने सरकताना बघत.

बाहेरच्या खोलीत आई
रिमोटचे सेल काढून दाताने चावून बघत होती,
पुन्हा घालत होती.